अंगातली उष्णता

मंगळवारी दुपारी रतिलाल दागिन्यांचा ट्रे गिऱ्हाइकासमोर उघडा टाकून उठला. जळगावच्या सराफ बाजारातल्या त्या पेढीवर सत्तावीस वर्षं तो गादीवर मांडी घालून बसत आला होता आणि सत्तावीस वर्षांत हे एकदाही घडलं नव्हतं. पेढीचा नियमच होता तसा. ट्रे बाहेर काढला की विकणाऱ्यानं जागा सोडायची नाही. पोटात कळ येवो की घरून फोन येवो, आधी ट्रे आत, मग कुलूप, मग माणूस. समोर जामनेरचं एक कुटुंब लग्नाची खरेदी करायला बसलं होतं. नवरी, तिची आई, दोन मावश्या आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला बाप. थोरली मावशी दोन हातांत दोन मंगलपोती धरून विचारत होती, "भाऊ, तुमीच सांगा, पोरीच्या गळ्यात कोनती शोभीन?" अशा वेळी रतिलाल मान जराशी तिरकी करायचा, नवरीच्या गळ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा आणि मग जी जरा जड असेल तिच्याकडे बोट दाखवायचा. त्यानं मान तिरकी केली आणि तेवढ्यात मांड्यांच्या मध्ये, नेमकी त्याच जागी, खाज उसळली. सकाळपासून होतीच, मांडी दाबून, बूड सरकवून, पाण्याचा ग्लास मागवून तो तिला टाळत होता. पण ही टाळण्यातली नव्हती. कपाळावर घाम आला, कान गरम झाले, आणि "आलोच" एवढं म्हणून तो उठून मागच्या बाथरूमकडे जवळजवळ पळालाच.

कडी लावून त्यानं भिंतीच्या थंड फरशीला कपाळ टेकवलं आणि दोन्ही हातांनी खाजवलं. त्या दोन मिनिटांत माणसाला जे सुख मिळतं त्याबद्दल कुणी कुणाला सांगत नाही, पण ते सुख होतंच. डोळे मिटले गेले. त्याला बाहेरची नवरी, मावश्या, पेढी, कशाचीच आठवण राहिली नाही. मग आग सुरू झाली. तिखटाचे हात डोळ्यांना लागावेत तशी. त्यानं खाली बघितलं तर टोकाकडची कातडी लालभडक, तिला बारीक बारीक चिरा, आणि आत दह्याच्या साईसारखं पांढरं काहीतरी. ते रोज बघूनही त्याला रोज नव्यानं किळस यायची. स्वतःच्याच अंगाची किळस येणं ही एक्कावन्नाव्या वर्षी शिकायची गोष्ट नव्हती. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या जागी ललित बसला होता, त्याच्या हाताखाली शिकलेला, आणि मावश्या हसत होत्या. संध्याकाळी मालकांचा मुलगा वरून खाली आला. "रतिलालकाका, बरं वाटत नाहीये का? उद्या सुट्टी घ्या," म्हणाला. प्रेमानंच म्हणाला. पण वर त्याच्या टेबलावर कॅमेऱ्याचा पडदा असतो हे रतिलालला माहीत होतं, आणि त्या पडद्यात आपण दिवसभर गादीवर कसे वळवळत असू हे त्याला तिथंच, सगळ्यांच्या देखत, पहिल्यांदा दिसलं.

दिवाळीनंतर हे सुरू झालं होतं. पहिले पंधरा दिवस त्यानं काहीच केलं नाही. अंगातली उष्णता वाढली आहे, दुसरं काय. खानदेशातल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. ऊन तसं, जेवणातलं तिखट तसं, आणि हिवाळाभर भरताच्या पार्ट्या. तोंड आलं, लघवीला जळजळलं, डोळे चुरचुरले की उष्णता. उष्णतेवरचं औषधही ठरलेलं. उषानं, त्याच्या बायकोनं, न विचारताच धणे-जिरं भिजत घालायला सुरुवात केली. सकाळी ते पाणी गाळून त्यात मूठभर खडीसाखर, दुपारच्या डब्यासोबत पुन्हा एक बाटली, संध्याकाळी आणखी एक ग्लास. जेवणावर गुलकंद दोन चमचे. रावेरकडून भाऊ केळीचा घड पाठवायचा तो पूर्वी आजूबाजूला वाटला जायचा. आता केळी थंड म्हणून रतिलाल एकटा दिवसाला पाच-सहा रिचवू लागला. पेढीवरून घरी पिंप्राळ्याला जाताना रसवंतीवर गाडी थांबवून उसाचा एक ग्लास, बर्फ जास्त. इतका थंडावा पोटात जात होता, तरी तहान काही हटत नव्हती. उन्हाळा लांब होता आणि तो घटाघटा पाणी पीत होता, रात्रीतून तीन-चारदा उठत होता, पँट कमरेत सैल झाली होती. हीही उष्णताच. उलट तो ग्लास आणखी वाढवायचा. आणि खाज मात्र दिवसेंदिवस अशी वाढत होती, जणू तिला कुणी खुराक चालू केला आहे.

डॉक्टरकडे जायचं तर कोणत्या? जळगावात त्याला ओळखत नाही असं घर कमी. निम्म्या डॉक्टरांच्या बायकांना त्यानं बांगड्या घातल्या होत्या. मग कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या स्वप्नीलच्या मेडिकलवर तो गेला, दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्यांच्या बरण्या वाचत थांबला आणि म्हणाला, "गावाकडच्या एका माणसाला पाहिजे, जांघेत खाज आहे त्याच्या." स्वप्नीलनं वरसुद्धा न बघता एक ट्यूब ठेवली. "काका, हीच द्या. पट्कन फरक पडतो, सगळे हीच नेतात." फरक खरंच पडला, दोन दिवसांत. तिसऱ्या आठवड्यात खाज दुपटीनं परत आली, सोबत या चिरा घेऊन. अशा चार ट्यूबा संपल्या. चौथ्या वेळी स्वप्नील म्हणाला, "गावाकडचा माणूस अजून बरा नाही झाला का?" आणि त्याच्या आवाजात काही नव्हतं, तरी रतिलाल त्या दुकानात पुन्हा गेला नाही. डेटॉल टाकून कढत पाण्यानं धुवायला लागला. त्यानं आग अशी व्हायची की खाजेचा विसर पडायचा, एवढाच त्याचा उपयोग.

पण डॉक्टर टाळण्याचं खरं कारण ओळखीचे लोक नव्हते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते कारण तो मनातसुद्धा पूर्ण वाक्यात म्हणत नसे. तेवीस वर्षांपूर्वी पेढीच्या कामासाठी तो इंदूरला गेला होता, चांदीचा माल बघायला. सोबत पेढीवरचा जीवराम होता, आता तो हयात नाही. काम एका दिवसात झालं, गाडी दुसऱ्या दिवशीची होती, आणि जीवराम म्हणाला, चल. रतिलाल गेला. खोलीत निळा बल्ब होता, भिंतीवर मागच्या वर्षाचं कॅलेंडर, आणि ती बाई सगळा वेळ शेजारच्या खोलीतल्या कुणाशीतरी भाजीबद्दल बोलत होती. दहा मिनिटं. त्यानंतर तो पुन्हा कधी गेला नाही, जीवरामशी त्याबद्दल बोललाही नाही. पण आतल्या आत त्याची एक खात्री होती की हे आपल्याला कधीतरी भरावं लागणार. अपघात झाला तर, मुलगा नापास झाला तर, आधी त्याला तो निळा बल्ब आठवायचा. आणि आता तर शिक्षेनं जागा अशी निवडली होती की दुसरा अर्थ लावायची सोयच नव्हती. याला काय नाव असतं हे त्यानं मोबाइलवर शोधलं, फोटो बघितले, मोबाइल उपडा ठेवला. रोगाची त्याला भीती वाटत होतीच. पण त्याहून मोठी भीती उषाची होती. उषाला कळेल. पंचवीस वर्षांचा संसार, कधी शब्दानं शब्द वाढला नाही, आणि ती एक दिवस उठून पुण्याला मुलाकडे, जितेंद्रकडे निघून जाईल, जाताना भांडणारसुद्धा नाही. ती गेली तर आपण उरणार नाही, इतकं साधं होतं ते.

म्हणून त्यानं पाठ दुखते असं सांगून अंथरूण हॉलमध्ये आणलं. आपल्यापासून तिला काही लागू नये एवढाच हेतू. पण हेतू काही अंथरुणावर लिहिलेला नसतो. स्वतःच्या चड्ड्या तो स्वतः धुऊ लागला. जन्मात रुमाल न धुतलेला माणूस सकाळी साडेपाचला मोरीत बसून फेस काढतो आहे, हे बघून उषा एक दिवस दारात थांबली. "असू दे," तो म्हणाला, "पाठीला व्यायाम होतो." त्या दिवसापासून धणे-जिऱ्याचं पाणी ती पुढ्यात आणून न देता ओट्यावर झाकून ठेवू लागली.

बुधवारी सकाळी त्यानं तिला सांगितलं, पेढीच्या कामानं धुळ्याला जातो. धुळ्यात आपलं कुणी नाही, एवढीच त्या शहराची लायकी त्यानं बघितली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, एसटीची सीट रेक्झिनची, आणि घामानं पँट चिकटून खाज अशी सुटली की मांडीवर बॅग ठेवून त्यानं दोन तास बॅगेवर हात दाबून काढले. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं बॅगेत जोखीम आहे. तो बिचारा सारखा इकडेतिकडे बघून पहारा देत होता. रतिलालला एकदम हसू आलं आणि लगेच रडू आलं. बायकोला खोटं बोलून, तोंड लपवून, आपण नव्वद किलोमीटर आलो आहोत, हे त्याला फार हलकटपणाचं वाटलं. आपण असे नव्हतो. की होतो?

त्वचारोगाच्या दवाखान्याची पाटी त्यानं मोबाइलवर निवडून ठेवली होती. त्यावर डॉ. एम. बोरसे असं होतं आणि एम म्हणजे महेश किंवा मनोहर असणार असं त्यानं धरून टाकलं होतं. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "कथाईन उनात भाऊ? नाव काय शे तुमनं?" त्यानं खोटं गाव आणि खोटं नाव सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून दोन्ही खरीच आली. आत गेला तर टेबलामागे चाळिशीच्या बाई. डॉक्टर ममता बोरसे. तो दारातच अडखळला. "मी... पावती फाडून घेतली, पण जेंट्स डॉक्टर..."

"या, बसा," बाई म्हणाल्या. "सांगायला लाज वाटेल अशा तक्रारी घेऊन दिवसाला दहा पुरुष येतात आणि दहाही जण दारात असेच थांबतात. कधीपासून आहे?"

त्यांचे प्रश्न सरळ होते, भाजीवाली भाव विचारते तितके सरळ, आणि त्यामुळेच त्याला उत्तरं देता आली. घरात आणखी कुणाला खाज आहे? बोटांच्या बेचक्यांत? रात्री वाढते? केसांत बारीक काही दिसतं? साबण बदलला? चड्डी सुती घालता की नायलॉनची? जांघेत गोल चट्टे? काय काय लावलं? ट्यूबचं नाव ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "यात स्टिरॉइड असतं. खाज दाबतं आणि मूळ दुखणं पोसतं. ही ट्यूब कुणाच्याही सांगण्यावरून पुन्हा लावायची नाही. डेटॉल बंद, कढत पाणी बंद." मग पडद्याआड तपासणी झाली, हातमोजे घालून, मिनिटभरात. त्या मिनिटात रतिलालनं छताकडे बघितलं आणि तिथल्या पंख्याची तीन पाती पुन्हा पुन्हा मोजली. बाहेर येऊन बसल्यावर त्या म्हणाल्या, "बाहेर कुठं संबंध?"

नाही म्हणता आलं असतं. "तेवीस वर्षांपूर्वी," तो म्हणाला. "इंदूरला. एकदा." आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द तोंडाबाहेर पडले होते, आणि त्याला वाटलं आता काहीतरी होईल. बाईंनी कागदावर एक आकडा लिहिला फक्त. "त्यानंतर?" "नाही." "ते दुखणं इतकी वर्षं दबा धरून बसून असं उगवत नाही. तरी रक्त तपासून टाकू, तुमच्या मनाला शांती. पण मला वेगळीच शंका आहे. तहान लागते? रात्री लघवीला उठता? वजन?" असं म्हणत त्यांनी त्याच्या बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्र त्याच्याकडे फिरवलं. तीनशे सेहेचाळीस.

"साखर," बाई म्हणाल्या. "डायबेटीस. लघवीतून साखर जाते, ओल राहते, त्यावर बुरशी वाढते. पुरुषांमध्ये कितीतरी वेळा पहिली खूण हीच असते. खायला काय काय घेता?"

त्यानं सांगितलं. बायको देते ते धण्याचं पाणी, खडीसाखर, गुलकंद, केळी, उसाचा रस. सांगता सांगता त्याचाच आवाज बारीक होत गेला. बाई हसल्या नाहीत, म्हणजे हसू आवरलं. "म्हणजे पाच महिने तुम्ही दोघांनी मिळून त्या बुरशीला जेवू घातलंत." मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. बुरशीचं मलम दिवसातून दोनदा, दोन आठवडे, बरं वाटलं तरी मध्ये सोडायचं नाही. कोमट साध्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, सैल सुती चड्डी. साखरेची गोळी आजपासून आणि जळगावात चांगल्या फिजिशियनकडे नियमित तपासणी, खाजेपेक्षा ती महत्त्वाची. "आणि बायकोला विचारा तिला काही त्रास आहे का. असेल तर तिलाही औषध. विचाराल ना?" तो हो म्हणाला. चार वाजता रक्ताचे बाकीचे रिपोर्ट आले. तो ज्याला घाबरत होता त्यातलं काहीही नव्हतं.

परतीच्या एसटीत त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पारोळ्यापर्यंत. शिक्षा नव्हती ती. साखर होती, त्याच्या आईलाही होती. मग त्याच्या लक्षात आलं की शिक्षा नाही म्हणजे झालेली गोष्ट फिटलीही नाही. इतकी वर्षं ती कुठंतरी वसूल होणार आहे या भरवशावर त्यानं ती बाजूला ठेवली होती. आता ती नुसतीच होती. त्यानं केलेली, एका संध्याकाळी, कारण नसताना. एरंडोलला एसटी थांबली, शेंगावाला चढला, उतरला. उषाला साखरेचं सांगायचं, बाकीचं सांगायची गरज उरली नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि त्याला त्यातून सुटल्यासारखं वाटलं नाही.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. उषा स्वयंपाकघरात खाली बसून परातीत कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होती. तो चौकटीत उभा राहिला आणि एका दमात सांगून मोकळा झाला. पेढीचं काम नव्हतं, डॉक्टरकडे गेलो होतो, पाच महिन्यांपासून खाज होती, कुठं ते सांगायची लाज वाटत होती, पाठ दुखत नव्हती, साखर निघाली आहे, तिच्यामुळे हे सगळं. रिपोर्ट त्यानं पुढे धरला. "तुले काही त्रास नाही ना?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. नाही. रिपोर्टकडे ती बघत होती, पण वाचत नव्हती. मळणारे हात थांबले होते.

"साखरनं व्हते असं?"

"डॉक्टर म्हने, लई लोकाइले व्हते."

आणि उषा रडायला लागली. तिला रडताना त्यानं जितेंद्रला पुण्याला सोडलं तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर नाही. "अहो, मले तुमच्या गाडीच्या डिक्कीत ती ट्यूब सापडली व्हती," ती म्हणाली. "चड्ड्या सोता धुवा, दूर झोपा. मले वाटलं तुमी कुठी जाता. काही लावून आनलं बाहेरून. पाच महिने मी तुमाले ताट वाढे अन् मनात नको नको ते आने. मागच्या आठवड्यात जितूले फोन केला, म्हटलं मी येते तुह्याकडे राह्याले. बॅगबी काढेल आहे वरून. असा देवमानूस, अन् मी..." ती गुडघ्यांवर पुढं सरकली आणि तशाच पिठाच्या हातांनी तिनं त्याच्या पायांना धरलं. "मले माफ करा. चुकलं माह्यं."

रतिलालनं खाली बघितलं. तिचा भांग, त्यातले पांढरे केस, आणि आपल्या अंगठ्यांवर ओलं पीठ. बरं, असं नुसतं म्हटलं असतं तर पुरलं असतं. ती राहिली असती. त्यानं तोंड उघडलं तेव्हा तेच म्हणायचं होतं.

"ऊठ उषा. माफी नको मागू," तो म्हणाला. "आताचं काहीच नही. पन एक डाव गेलो व्हतो मी. इंदूरले. तशा बाईकडे."

तिनं पाय सोडले नाहीत. "कवा?"

"लई साल झाले. जितू व्हयाच्या आधी."

"आपलं लगन झालं व्हतं का?"

"हो."

"मंग मी कुठी व्हती?"

"जामनेरले," रतिलाल म्हणाला. "बायंतपनाले गेली व्हती."

शेजारच्या घरात कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला, मग कमी केला. उषा मागं सरकून परातीजवळ बसली. ती रडायची थांबली होती आणि चेहरा रोजच्यासारखा होता, हिशेब न लागलेल्या माणसासारखा जरा विचारात. मग तिनं मोरीजवळचं ओलं फडकं ओढून घेतलं.

"मी आत्ता मांगलेली माफी वापस द्या," ती म्हणाली, आणि त्याच्या अंगठ्यांवरचं पीठ पुसून घेतलं.